सार्वजनिक सेवेतील अपघात-भरपाई व सुरक्षा समन्वय

शासकीय खाती, महानगरपालिका, परिवहन उपक्रम, वीज कंपन्या अशा सार्वजनिक संस्थांत कामावर असताना जखमी झालेल्या, कामामुळे आजारी पडलेल्या किंवा मरण पावलेल्या कर्मचाऱ्याची भरपाई मार्गी लावणे आणि तसाच अपघात पुन्हा घडू नये अशी तजवीज करणे, ही दोन्ही कामे एकत्र चालवण्याची पद्धत. अमेरिकेच्या संघीय खात्यांत यासाठी समन्वयक नेमलेले असतात. भारतात असे वेगळे पद क्वचितच दिसते. आस्थापना शाखा, कामगार अधिकारी, सुरक्षा अधिकारी, लेखा शाखा आणि विधी विभाग यांच्यात हे काम विभागलेले असते. अपघात एकच असतो, पण नस्ती, म्हणजे प्रकरणाची फाइल, पाच टेबलांवर फिरते आणि प्रत्येक टेबलावर घरच्या माणसांना तीच हकीकत नव्याने सांगावी लागते. समन्वयाची खरी गरज इथेच आहे.

भारतात या विषयाचा पाया म्हणजे कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला आणि २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातला ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला. त्याच्या कलम २(२) मध्ये स्थानिक प्राधिकरणाचे किंवा शासकीय खात्याचे काम हा त्या संस्थेचा धंदाच समजावा असे म्हटले होते. कलम दोन-तीन ओळींचे, पण मोलाचे. ‘आम्ही धंदा करत नाही, लोकसेवा करतो’ असे सांगून पालिकेला हात वर करता येत नाहीत. चूक कोणाची हा प्रश्न ही व्यवस्था सहसा विचारत नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला की मालकाची जबाबदारी सुरू होते. नशा, सुरक्षेच्या नियमाचा मुद्दाम केलेला भंग किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकणे हे अपवाद आहेत खरे. मात्र कर्मचारी मरण पावला असेल किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर हे अपवादही चालत नाहीत. मृत्यूच्या प्रकरणात ‘हेल्मेट घातले नव्हते’ हा शेरा अनेकदा नस्तीवर सगळ्यात आधी पडतो. भरपाई नाकारायला त्याचा काडीचाही उपयोग नसतो, हे समन्वय पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट करायला हवे.

‘कामाचा ओघ’ कुठे संपतो यावर मुंबईतल्याच एका सार्वजनिक उपक्रमाच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल झाला. १९५७ साली बेस्टचा एक चालक जोगेश्वरी डेपोत पाळी संपवून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. अंधेरीजवळ ती बस उभ्या लॉरीवर आदळली, तो रस्त्यावर फेकला गेला आणि काही दिवसांनी दगावला. त्याच्या पत्नीचा दावा या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांनी फेटाळला, उच्च न्यायालयाने मान्य केला, आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायम ठेवला. एवढ्या पसरलेल्या शहरात बससेवा सुरळीत चालायची तर चालक वेळेवर येणे-जाणे ही उपक्रमाचीच गरज आहे, आणि त्यासाठीच त्यांना बसमधून मोफत प्रवासाचा हक्क दिला आहे. म्हणून तो प्रवासही नोकरीचाच भाग, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, थेट मजकुरातच घेतला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. हिशेबाची मूळ रीत मात्र तीच राहिली.

ती रीत अशी : मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात ६० टक्के रक्कम घ्यायची, आणि तिला वयानुसार ठरवलेल्या गुणकाने गुणायचे. गुणक सोळाव्या वर्षी २२८.५४ असतो, चाळिसाव्या वर्षी १८४.१७ आणि पासष्टनंतर ९९.३७. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाऊ लागले. म्हणजे चाळीस वर्षांच्या वायरमनचा पगार २८,००० असला, तरी त्याच्या मृत्यूची भरपाई ७,५०० गुणिले १८४.१७, अर्थात १३,८१,२७५ रुपये. तोच वायरमन वाचला पण अंगठा गमावून बसला, तर अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या तक्त्यात, अंगठ्याचे मोल ३० टक्के आहे; ९,००० (१५,००० च्या ६० टक्के) गुणिले १८४.१७ याच्या ३० टक्के, म्हणजे ४,९७,२५९ रुपये. त्याआधी २०१० पासून जवळपास दहा वर्षे ही मर्यादा ८,००० रुपयांवरच होती. महागाई कुठल्या कुठे गेली आणि माणसाच्या हातापायांची किंमत तिथेच राहिली, हा या व्यवस्थेतला मोठा अन्याय होता. अनुसूचीतली टक्केवारीही अखेरचा शब्द नव्हे. प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात (१९७६) डावा हात गमावलेला सुतार सुतारकामाला पूर्णपणेच मुकला, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र घेताना डॉक्टरांना केवळ टक्के विचारून भागत नाही. हा माणूस कोणते काम करत होता हेही त्यांना सांगावे लागते.

समन्वयाचा कस पहिल्या आठवड्यातच लागतो. १९२३ च्या कायद्यानुसार प्राणघातक अपघाताचा किंवा गंभीर दुखापतीचा अहवाल सात दिवसांत जायचा. रक्कम देय झाल्यापासून महिनाभरात भरली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मृत्यूच्या भरपाईचे पैसे वारसाच्या हातात न देता आयुक्तांकडेच जमा करावे लागत. महाराष्ट्रात आयुक्तांचे हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहत. अडाणी विधवेला थोडक्यात वाटेला लावून कागदावर अंगठा घेण्याचा प्रकार टळावा, म्हणून ही तरतूद होती. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देण्याचा करारही त्यात रद्दबातल ठरत असे. एवढे सगळे असूनही प्रकरणे अडतात ती साध्या कागदांवर. त्या दिवसाच्या हजेरीपटाची प्रत कोणी काढून ठेवलेली नसते, कामावर कोणी पाठवले ते मुकादमाने लिहिलेले नसते, पंचनाम्यात जागेचे नाव चुकते. अपघाताच्या दिवशीच या तीन गोष्टी सांभाळल्या, तर पुढची अर्धी लढाई टळते.

नियमित शासकीय कर्मचाऱ्याला याखेरीज सेवानियमांचे कवच असते : असाधारण निवृत्तिवेतन, विशेष विकलांगता रजा, वारसाला अनुकंपा नियुक्ती. कंत्राटी माणसाकडे यातले काही नसते, आणि सर्वांत धोक्याची कामे आज त्याच्याच वाट्याला येतात. १९२३ च्या कायद्याचे कलम १२ त्याच्यासाठी होते. ठेकेदाराचा माणूस मूळ संस्थेच्या नेहमीच्या कामात जखमी झाला, तर भरपाई मूळ संस्थेने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. ‘तो आमच्या मस्टरवर नाही’ हे उत्तर म्हणूनच कायद्यात बसत नाही, तरी ते सर्रास दिले जाते. अपघातांच्या नोंदवहीत ठेकेदाराच्या माणसांचे अपघात लिहिले जातात का, यावरून कुठल्याही संस्थेची सुरक्षेबाबतची नियत ओळखावी.

मैल्याच्या गटारात उतरण्याचे काम याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण. झाकण उघडल्यावर आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला येतो आणि मग नाक बधिर झाल्याने येईनासा होतो. पहिला माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो. एकाच चेंबरमध्ये दोघे-तिघे जातात ते यामुळे. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशी धोकादायक सफाई करून घेण्यास बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी १० लाख रुपये ठरवले आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंग प्रकरणात ते ३० लाख केले. अपंगत्व आल्यास किमान १० लाख, आणि ते कायमचे असून उपजीविकाच बुडाली तर किमान २० लाख. इथे समन्वयकाचे काम धनादेशाच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवे. वायूमापक चौकीत आहे का, त्याची बॅटरी चालते का, वर दोर धरायला माणूस आहे का, आणि मुळात माणूस उतरवण्याऐवजी यंत्र का मागवले नाही, हे प्रश्न त्याने विचारायचे आहेत.

वीज वितरणात जीव वाचवणारी गोष्ट दिसायला अगदी साधी असते : परमिटची, म्हणजे लाइनवर काम करण्याच्या परवानगीची, वही. लाइनवर चढण्यापूर्वी वायरमन उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून फीडर, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी वाहिनी, बंद करून घेतो, परमिटचा क्रमांक आणि वेळ दोन्हीकडे लिहिली जाते, मग खांबाजवळ तार मृत असल्याची खात्री करून डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेतली वीज जमिनीत सोडणारी दांडी, लावला जातो. काम संपल्यावर परमिट ज्याने घेतले त्यानेच परत करायचे असते. पावसाळ्यात एका रात्रीत दहा बिघाड आले की पहिली तडजोड इथेच होते. परमिट फोनवर घेतले जाते, परत दुसराच करतो, अर्थिंग राहून जाते. कधी फीडर बंद असूनही कुणाच्या जनरेटरमधून वीज उलटी तारेत येते, आणि लावलेला रॉडच वायरमनला तारतो. अपघातानंतरच्या चौकशीत ही वही पुरावा म्हणून मागवली जाते. ती अपघाताआधी, दर आठवड्याला, कोणीतरी चाळली पाहिजे. थोडक्यात टळलेले अपघात तिच्यातच सापडतात.

अमेरिकेत संघीय कर्मचाऱ्यांसाठीचा भरपाई कायदा १९१६ चा आहे. भरपाई कामगार विभागाचे एक कार्यालय देते आणि दरवर्षी त्या-त्या खात्याकडून ती रक्कम वसूल करते. अपघातांचा खर्च खात्याच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात दिसू लागला की सुरक्षेच्या साधनांवरचा खर्च जड वाटत नाही. आपल्याकडे हातमोजे एका लेखाशीर्षातून येतात आणि भरपाई दुसऱ्याच, त्यामुळे ही बेरीज-वजाबाकी कोणी मांडत नाही. ती मांडण्याजोगे ज्ञान मात्र जवळच आहे. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद नवी मुंबईत आहे आणि केंद्रीय श्रम संस्था शीवला. सुरक्षा सप्ताह ४ मार्चपासून पाळला जातो तो त्या स्थापनेमुळेच.

भरपाई मिळाली म्हणजे प्रकरण मिटले असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा पदावनत करू शकत नाही. त्याला समान वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यायचे, आणि ते नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचे. व्यवहारात ‘हलके काम’ म्हणून त्याला बाकड्यावर बसवले जाते आणि काही महिन्यांत तो स्वतःच नोकरी सोडण्याची भाषा बोलू लागतो. समन्वयकाने डॉक्टर, विभागप्रमुख आणि तो कर्मचारी यांना एकत्र बसवून कामाचे नेमके स्वरूप लेखी ठरवले, तर हे टळते. अंगठा गेलेल्या वायरमनला खांबावर चढता येणार नाही, पण उपकेंद्रात परमिटची वही त्याच्या हाती देता येते.