मोटारीच्या थर्मोस्टॅटची पार्श्वभूमी

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसे तापेपर्यंत त्यातले पाणी रेडिएटरकडे, म्हणजे वाऱ्यावर पाणी थंड करणाऱ्या जाळीकडे, जाऊ न देणारी झडप. कार्ल बेंझ यांनी 29 जानेवारी 1886 रोजी ज्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीच्या आवरणातले पाणी तापून उकळायचे, त्याची वाफ हवेत निघून जायची आणि जाताना उष्णताही घेऊन जायची. ही पद्धत वाटते तितकी अडाणी नव्हती. एक लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सहापटीहून अधिक उष्णता त्याची वाफ करायला लागते. शिवाय पाणी उकळत आहे तोवर त्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, त्यामुळे या इंजिनाचे तापमान कोणत्याही झडपेशिवाय एका ठरावीक मर्यादेत राहत होते. अडचण होती ती पाणी संपण्याची. ऑगस्ट 1888 मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेल्या, तेव्हा सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या वाटेवर मिळेल तिथे थांबून त्यांना पाणी भरून घ्यावे लागले.

तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे, तर ते वाऱ्यावर थंड करून इंजिनाकडे परत आणणे आवश्यक होते. सुरुवातीला त्यासाठी लांबलचक नळ्यांची वेटोळी वापरली गेली. या प्रश्नाचे टिकाऊ उत्तर जर्मन अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी 1900 च्या सुमारास मोटारींचे व्यापारी एमिल येलिनेक यांच्या मागणीवरून तयार केलेल्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत दिले. त्यांनी 6 मिलिमीटर रुंद आणि तितक्याच उंच अशा 8,070 चौकोनी नळ्या एकमेकींना डाग देऊन जोडल्या. वारा नळ्यांच्या आतून वाहत होता आणि पाणी त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून. हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग इतका वाढला की पूर्वीच्या निम्मेच, म्हणजे सुमारे 9 लिटर पाणी पुरू लागले, आणि गाडी हळू चालत असताना वारा मिळावा म्हणून रेडिएटरच्या मागे पंखाही बसवलेला होता. आजच्या रेडिएटरची रचना वेगळी असली, तरी कमी पाणी आणि जास्त पृष्ठभाग हे तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही.

पाणी फिरवायचे कसे, याबाबत मात्र पुढची काही वर्षे एकमत नव्हते. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड झालेले खाली उतरते, या नैसर्गिक अभिसरणावर अनेक गाड्या पंपाविना चालल्या. फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या अगदी पहिल्या गाड्यांना पंप होता, तो काढून उत्पादनात पुढे हीच पद्धत स्वीकारली गेली. तिचा एक गुण आज सहसा लक्षात घेतला जात नाही: इंजिन थंड असताना अभिसरण जवळजवळ बंद असते आणि उष्णता वाढेल तसे ते वाढते, म्हणजे थोडेफार नियंत्रण तिच्यातच अंगभूत असते. पण पाण्याची पातळी रेडिएटरच्या वरच्या नळीखाली गेली की अभिसरण तुटते, आणि इंजिनांची ताकद वाढली तशी ही मंद गती अपुरी पडू लागली.

पंप आला आणि उलटीच अडचण उभी राहिली. पट्ट्यावर फिरणारा पंप इंजिन गार आहे की गरम हे पाहत नाही. हिवाळ्यात पहाटे इंजिन सुरू होताच तो सगळे थंड पाणी रेडिएटरमधून फिरवतो आणि इंजिनाला तापूच देत नाही. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्याचे थेंब सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली तेलात मिसळतात, ज्वलनातून निघालेली पाण्याची वाफही तिथेच जमते, आणि पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर लवकर झिजतात. बेंझच्या उकळत्या पाण्याने आपोआप मिळणारे नियंत्रण रेडिएटर आणि पंपाच्या जोडीने हिरावून घेतले होते. ते परत आणण्यासाठी थर्मोस्टॅट लागला. थर्मोस्टॅटचे काम इंजिन थंड करण्याचे आहे, हा समज म्हणूनच मुळात चुकीचा आहे.

1914 मध्ये आलेल्या कॅडिलॅकच्या आठ सिलिंडरी इंजिनात पाण्याचा प्रवाह थर्मोस्टॅटने आवरण्याची सोय होती. 1920 च्या दशकात काही महागड्या गाड्यांनी पाण्याऐवजी वारा अडवला: रेडिएटरसमोरच्या उभ्या पट्ट्या तापमानानुसार उघडत आणि मिटत. पाण्याच्या वाटेवरच्या थर्मोस्टॅटमध्ये तेव्हा धातूचा चुणीदार भाता असे. त्यात चटकन वाफ होणारा द्रव भरलेला असे आणि त्या वाफेच्या दाबाने भाता लांब होऊन झडप उघडे.

या भात्याला मागे सारले ते दाबाने. पाण्यावरचा दाब वाढवला की त्याचा उकळबिंदू वाढतो. झाकणातल्या स्प्रिंगने सुमारे एक बार, म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका, जादा दाब धरून ठेवला, तर साधे पाणीही 120 अंशांपर्यंत उकळत नाही. 1930 च्या दशकापासून दाब धरणारी झाकणे मोटारींत येऊ लागली. त्याआधी, 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात, पाणी गोठू नये म्हणून त्यात घातल्या जाणाऱ्या, पण उडून जाणाऱ्या अल्कोहोलच्या जागी इथिलिन ग्लायकॉल बाजारात आले होते. ते पाण्यात निम्मेनिम्मे मिसळले तर मिश्रण उणे 35 अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. मात्र भाता वाफेच्या दाबावर चालत असल्याने बाहेरचा दाब वाढला की तो आकसतो, आणि झडप हव्या त्या तापमानाला उघडत नाही.

यातून सुटका केली ती मेणाने. सर्जियस व्हर्ने यांनी 1930 च्या दशकात विकसित केलेली ही रचना आजही बहुतेक गाड्यांत आहे. तांब्याच्या किंवा पितळेच्या छोट्या कुपीत मेण आणि त्यात धातूची बारीक पूड घट्ट भरलेली असते. मेणातून उष्णता सावकाश जाते, ती लवकर पसरावी म्हणून ही पूड. मेण वितळताना एकदम फुगते, रबराच्या आवरणावर दाब देते, आणि मधली पोलादी पिन बाहेर ढकलली जाऊ पाहते. पिनेचे दुसरे टोक चौकटीला टेकलेले असल्यामुळे कुपीच मागे सरकते आणि स्प्रिंगच्या विरोधात झडप उघडते. मेणाचे मिश्रण बदलून उघडण्याचे तापमान 82, 88 किंवा हवे ते ठरवता येते, आणि झडप पूर्ण उघडायला त्यापुढे आणखी सुमारे 10 ते 15 अंश लागतात. घन आणि द्रव पदार्थ दाबाने फारसे आकसत नाहीत, त्यामुळे झाकणाच्या दाबाचा या रचनेवर जवळजवळ परिणाम होत नाही. एका बाबतीत मात्र जुना भाता बरा होता: तो फुटला तर झडप बहुधा उघडी राही, पण कुपीतून मेण गळाले तर स्प्रिंग झडप बंदच ठेवते आणि गाडी गरम होते.

याच बिघाडामुळे थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची सवय मेकॅनिकांमध्ये रुजली असावी. ही सवय घातक आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळणारी आडवाट त्याच वेळी बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते, तापलेल्या पाण्याचा काही भाग गार न होताच इंजिनाकडे परतत राहतो, आणि ज्या गाडीला थंड करायला निघालो तीच चढावर उकळू शकते.

हवेने थंड होणारे इंजिनही यातून सुटले नाही. फोक्सवॅगन बीटलमध्ये पाणी नव्हते, तरी पंख्याची हवा आवरणाऱ्या झडपा उघडण्यासाठी तिच्यातही थर्मोस्टॅटचा भाता होताच.

1990 च्या दशकात मेणाच्या कुपीत विजेवर तापणारी तार आली. तेव्हापासून इंजिनाचा संगणक भार कमी असताना इंजिन थोडे अधिक गरम ठेवून इंधन वाचवू शकतो आणि भार वाढला की तार तापवून झडप वेळेआधी उघडू शकतो. पुढे काही गाड्यांत पंपही पट्ट्यावरून सुटून विजेवर आला. त्यामुळे इंजिन थंड असताना तो पूर्ण थांबवता येतो.