मध्येच कोण बोललं?

व्हिडिओ अडकत अडकत चालायला लागला की आपण त्या ॲपला नावं ठेवतो आणि दुसरं ॲप उघडतो. वाटेत कुणी त्याचा पाय ओढला असेल, हे मनातही येत नाही.

इंटरनेटवर फोटो असो की फोनकॉल, सगळं पॅकेट नावाच्या तुकड्यांतून जातं. एक पॅकेट साधारण 1500 बाइटपर्यंतचं. ते पुढे धाडायला राउटरला त्यावरचा पत्ता पुरतो. पण इंटरनेट पुरवणारी कंपनी त्याहून जास्त पाहू शकते. आतला मजकूर कूटबद्ध असला, तरी पत्ता, पॅकेटांचा आकार आणि त्यांची लय यांवरून हा व्हिडिओ की कॉल, याचा अंदाज बांधता येतो. मग कुणाला सोडायचं, कुणाला रखडवायचं, हे तिच्या हातात.

2007 साली अमेरिकेत कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांची बिटटोरंटवरची जोडणी मध्येच तुटायची. बिटटोरंट म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांतून थेट फायली घ्यायची सोय; चोरीचे सिनेमेही तिथून फिरायचे. कंपनीच दोन संगणकांच्या मध्ये ‘जोडणी तोडा’ असं सांगणारी रीसेट पॅकेटं घुसवत होती, तीही समोरच्याच्या नावाने. दोघं फोनवर बोलत असताना तिसऱ्याने तुमचाच आवाज काढून ‘बरं, ठेवतो’ म्हणावं, तसं. नेटवर्कमधल्या एका जाणकार ग्राहकाने पॅकेटं तपासली म्हणून छडा लागला. पुढे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची फाइल वापरून तेच पडताळलं. चोरीच्या सिनेमाची सबब द्यायला जागाच उरली नाही! अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसी हिने 2008 मध्ये कंपनीला हे थांबवायला सांगितलं, पण 2010 मध्ये न्यायालयाने तो आदेशच रद्द केला.

कंपनीने असा भेदभाव करू नये, या मागणीला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. तिच्यापोटी सगळी पॅकेटं अगदी एकाच मापाने मोजा, हा हट्ट मात्र मला पटत नाही. अर्ध्या सेकंदाच्या उशिराने कॉलचा विचका होतो, ईमेलला काही फरक पडत नाही. सगळ्याच कॉलना आधी सोडलं, तर हरकत नसावी. फक्त आपल्या भागीदाराच्या कॉलना सोडलं, तर असावी. युरोपीय संघाचा 2015 चा नियम हीच रेघ ओढतो: तांत्रिक गरज चालेल, धंद्याचा हिशेब नाही. वेगाला हात न लावता दरातूनही भेद करता येतो: एका ॲपचा डेटा फुकट, दुसऱ्याचा विकत. भारतात ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 2016 मध्ये त्यालाही मनाई केली.

शंका आलीच, तर व्हीपीएन लावून तोच व्हिडिओ पुन्हा पाहावा. व्हीपीएन पॅकेटं कूटबद्ध करून आधी आपल्या सर्व्हरकडे नेतं, त्यामुळे ती खरी कुठे चालली आहेत हे कंपनीला दिसत नाही. लगेच सुरळीत चालला, तर संशय बळावतो. खात्री तेवढ्यानेही होत नाही, कारण व्हीपीएनमुळे पॅकेटांचा रस्ताच बदलतो.