एकेका वॅटसाठी चाललेली झुंज

पाच हजार एमएएचची फोनची बॅटरी म्हणजे जेमतेम १९ वॅट-तास ऊर्जा. नऊ वॅटचा एलईडी दिवा तिच्यावर दोन तास जळेल आणि विझेल. तेवढ्याच शिदोरीवर फोन मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत पडदा उजळतो, टॉवरशी बोलत राहतो, फोटो काढतो, नकाशा दाखवतो. बॅटरी मोठी केली तरी अडचण संपत नाही. फोनला पंखा नसतो. तीन ते पाच वॅटपेक्षा जास्त उष्णता तो फार वेळ बाहेर टाकू शकत नाही. तळहाताला चटका बसायच्या आत प्रोसेसरला मंद व्हावंच लागतं. लॅपटॉपची शिदोरी मोठी, पण तिलाही कुंपण आहे: १०० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी विमानात सोबत न्यायची तर विमान कंपनीची परवानगी लागते.

ॲपल, क्वालकॉम, मीडियाटेक, इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर आखणाऱ्या कंपन्यांची खरी झुंज या शिदोरीवरून आहे. जाहिरातीत गिगाहर्ट्झ (चिपच्या घड्याळाचे सेकंदाला किती अब्ज ठोके) आणि कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे गणनाविभाग) यांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. मला विचाराल तर पाहण्याजोगा आकडा एकच: एका ज्यूल ऊर्जेत चिप किती काम उरकते. गेल्या चाळीस वर्षांत कोण पुढे गेलं आणि कोण मागे पडलं, हे याच आकड्यावरून नीट उलगडतं.

काटकसरीची ही परंपरा सुरू झाली ती जवळजवळ योगायोगानं. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर स्वतःचा प्रोसेसर आखत होते. चिप स्वस्त पडावी म्हणून ती सिरॅमिकऐवजी प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसवायची होती, आणि प्लॅस्टिकला एखाद्या वॅटपेक्षा जास्त उष्णता सोसत नाही. वीज किती लागेल याचा नेमका अंदाज देणारी साधनं हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी जागोजागी हात आखडता घेतला. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि चालली. पुढे फर्बर यांनी वीज मोजायला मीटर जोडला, तर काटा शून्यावर! चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. आजूबाजूच्या सर्किटमधून संकेतांच्या तारांवाटे जी थोडीशी वीज झिरपत होती, तेवढ्यावर ती काम करत होती. त्या एआरएम-१ (आर्म-१) चिपमध्ये सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ३८६ मध्ये होते २ लाख ७५ हजार.

१९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली. तिचा व्यवसाय चिप विकण्याचा नव्हता, आराखडे आणि आज्ञासंच परवान्यानं वापरायला देण्याचा होता. आज्ञासंच म्हणजे प्रोसेसरला कळणारी मूळ भाषा. १९९७ च्या नोकिया ६११० मध्ये आर्मचा आराखडा होता आणि तिथून मोबाइलच्या जगात तीच भाषा रुळली. लॅपटॉपमध्ये मात्र इंटेल आणि एएमडीची एक्स८६ ही भाषा होती. तिचं मूळ १९७८ च्या ८०८६ या चिपमध्ये.

आता थोडं भौतिकशास्त्र. तेवढं समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा सूक्ष्म खटका. तो दरवेळी चालू-बंद होताना विद्युतभाराची एक इवलीशी टाकी भरते आणि रिकामी होते. टाकी दुप्पट उंचीपर्यंत भरायची तर पाणी दुप्पट लागतं, आणि ते चढवावंही लागतं दुप्पट उंच. म्हणजे कष्ट चौपट. विजेच्या टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज. म्हणून एका खटक्याची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि चिप जास्त गिगाहर्ट्झवर पळवायची तर व्होल्टेज वाढवावंच लागतं, नाहीतर खटके वेळेत उलटत नाहीत.

उलट्या दिशेनं हिशेब करून पाहू. समजा ४.८ गिगाहर्ट्झची चिप आपण ३.२ वर आणली आणि त्यामुळे व्होल्टेज पाव हिश्शानं कमी करता आलं. वेग एक-तृतीयांशानं घटला. पण खटक्यांना लागणारी वीज आधी १०० वॅट असेल, तर ती आता ३७-३८ वॅटवर येते. गेलेला एक-तृतीयांश वेग दुसऱ्या वाटेनं भरून काढता आला, तर सगळा फायदाच.

१९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं. त्या जोरावर काही दशकं गिगाहर्ट्झ जवळजवळ फुकटात वाढत गेले. साधारण २००५ च्या सुमारास व्होल्टेज खाली यायचं थांबलं आणि वेगावर भिस्त ठेवणारे भिंतीवर आपटले. वेगावर बेतलेल्या पेंटियम ४ या चिपचा पुढचा अवतार, टेजस, इंटेलला २००४ मध्ये गुंडाळावा लागला. कंपनीला सावरलं ते तिच्याच इस्रायलमधल्या हैफाच्या गटानं. त्यांनी लॅपटॉपसाठी पेंटियम एम नावाची मितव्ययी चिप बनवली होती, आणि २००६ चे ‘कोअर’ नावाचे प्रोसेसर त्याच विचारातून आले. बॅटरीसाठी शिकलेली शिस्त मेजावरच्या संगणकांनाही तारून गेली. इतका स्पष्ट धडा मिळूनही इंटेल वेळीच फोनकडे वळली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

त्याच २००६ साली इंटेलनं आपला एक्सस्केल हा आर्म-चिपचा व्यवसाय ६० कोटी डॉलरना मार्व्हेल कंपनीला विकून टाकला. पुढच्याच जानेवारीत आयफोन जाहीर झाला. आयफोनसाठी चिप बनवायची संधी इंटेलकडे आली होती. ॲपल द्यायला तयार असलेली किंमत अंदाजित खर्चाहून कमी दिसली म्हणून ती सोडली, असं तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये सांगितलं. खर्चाचा अंदाज चुकला होता, आणि फोन कल्पनेच्या शंभरपट खपले, हेही त्यांनी मान्य केलं.

एक्सस्केलचा पूर्वज होता डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा स्ट्राँगआर्म, आणि तो घडवणाऱ्यांत आघाडीवर होते डॅन डोबरपूल. त्यांनी पुढे पी. ए. सेमी नावाची कंपनी काढली. ती २००८ मध्ये ॲपलनं २७.८ कोटी डॉलरना घेतली. म्हणजे इंटेलनं जी विद्या विकून टाकली, तिच्या मूळ घराण्यातली माणसं ॲपलच्या दारात आली. या क्षेत्रात आराखडे कुलपात ठेवता येतात, हातोटी माणसांबरोबर फिरते.

२०१३ मध्ये ॲपलनं ए७ ही फोनमधली पहिली ६४-बिट आर्म चिप आणली. नोव्हेंबर २०२० मध्ये आली एम१: १६ अब्ज ट्रान्झिस्टर, चार मोठे कोअर जड कामांसाठी आणि चार छोटे, काटकसरी कोअर हलक्या कामांसाठी. तिच्यावरचा मॅकबुक एअर पंख्याविना चालत होता. वेग ३.२ गिगाहर्ट्झ, प्रतिस्पर्ध्यांपेक्षा खूपच कमी. मग घटलेला वेग भरून कसा काढला? रुंदीनं. तिचा मोठा कोअर घड्याळाच्या एका ठोक्यात आठ आज्ञा उलगडायला घेई. त्या वेळच्या एक्स८६ चिप चार ते पाच घेत. त्यातून एकमेकींवर अवलंबून नसलेल्या आज्ञा शोधायच्या आणि शेकडो आज्ञा पुढे डोकावून हाताशी असलेलं काम आधी उरकायचं.

इथे भाषेचा फरक पडतो. ६४-बिट आर्मची प्रत्येक आज्ञा चार बाइटची, त्यामुळे आठही आज्ञा कुठे सुरू होतात हे न वाचताच ठाऊक असतं. एक्स८६ ची आज्ञा एक बाइटपासून पंधरा बाइटपर्यंत कितीही लांब असू शकते. शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेला मजकूर वाचण्यासारखं ते काम आहे: आधीचा शब्द संपला कुठे हे कळल्याशिवाय पुढचा सापडत नाही. अर्थात एकदा उलगडलेल्या आज्ञा जवळ साठवून ठेवण्याची युक्ती इंटेल आणि एएमडी केव्हापासून वापरतात. म्हणून ‘आर्म मुळातच काटकसरी आणि एक्स८६ मुळातच उधळी’ हे जे सर्रास ऐकू येतं, ते मला अर्धंच पटतं.

उरलेली बचत आहे माहितीच्या प्रवासाचं अंतर कमी करण्यात. दोन संख्यांची बेरीज करण्यापेक्षा त्या मुख्य मेमरीतून आणायला हजारपटींहून जास्त ऊर्जा लागू शकते. म्हणून एम१ मध्ये मेमरी प्रोसेसरच्या अगदी शेजारी, त्याच वेष्टनात बसवलेली होती, आणि कोअरला खेटून असलेला कॅशे, म्हणजे वारंवार लागणाऱ्या माहितीचा छोटा साठा, दणकट होता. मेमरी मागाहून वाढवण्याची सोय त्यात गेली, हा तोटा खराच.

मग हातोटी पुन्हा फिरली. ॲपलच्या कोअर-रचनेतले एक प्रमुख, जेरार्ड विल्यम्स, २०१९ मध्ये बाहेर पडले आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नुव्हिया ही कंपनी सुरू केली. २०२१ मध्ये क्वालकॉमनं ती १४० कोटी डॉलरना घेतली. तिचा ओरायन हा कोअर जून २०२४ पासून विंडोज लॅपटॉपमध्ये आणि त्याच वर्षी फोनमध्येही आला. परवान्यावरून आर्मनं क्वालकॉमला कोर्टात खेचलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरच्या ज्युरीनं ओरायनच्या चिप क्वालकॉमच्या परवान्यात बसतात असा कौल दिला.

बाकीचेही आपापल्या परीनं हाच हिशेब सोडवताहेत. मीडियाटेकनं २०२३ च्या डायमेन्सिटी ९३०० मधून छोटे कोअर काढूनच टाकले: काम झटपट उरकून झोपी जाणं स्वस्त पडतं, हा त्यांचा तर्क. एएमडी झेन कोअरची कमी वेगाची पण आटोपशीर आवृत्ती मूळ कोअरच्या शेजारी बसवते.

आणि इंटेल? सप्टेंबर २०२४ मध्ये तिनं लुनार लेक ही लॅपटॉपची चिप आणली. चार मोठे कोअर, चार छोटे. मेमरी त्याच वेष्टनात. मोठा कोअर एका ठोक्यात आठ आज्ञा उलगडणारा. इंटेलनं वर्षानुवर्षं मिरवलेली हायपरथ्रेडिंगची, म्हणजे एकाच कोअरवर एका वेळी दोन कामं चालवण्याची, सोय काढून टाकलेली. भाषा तीच जुनी एक्स८६, आणि तरी बॅटरी दिवसभर पुरणारी. तिचा मुख्य भाग इंटेलनं स्वतःच्या कारखान्यात बनवला नाही. तो तैवानच्या टीएसएमसीकडून करून घेतला, ॲपलच्या एम३ साठी जी तीन नॅनोमीटरची प्रक्रिया वापरली गेली तिच्यावरच.