परदेशी विद्यार्थी-इंटर्नशिप व लघुउद्योजक मार्गदर्शन

विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांनी काही आठवडे परदेशातल्या गरीब वस्तीत वा खेड्यात राहून तिथल्या छोट्या व्यावसायिकांना धंद्याबाबत सल्ला देण्याची पद्धत. सल्ला घेणारे म्हणजे टपरीवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, भाजीवाल्या, कोंबडीपालक. आफ्रिका, लॅटिन अमेरिका व दक्षिण आशिया ही या इंटर्नशिपची नेहमीची ठिकाणे. मुक्काम साधारण सहा ते दहा आठवड्यांचा असतो. युरोप-अमेरिकेतली मोठी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये येते. भारतात ते पेरणीचे दिवस. खेड्यात हातात पैसा कमी आणि बाजार थंड. पाहुण्याला धंदा दिसतो तो नेमका मंदीतला.

विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरची. ‘आयसेक’ ही विद्यार्थी संघटना १९४८ मध्ये सात युरोपीय देशांतल्या तरुणांनी उभारली. अमेरिकेत १९७५ मध्ये सुरू झालेली, २०१२ पासून ‘इनॅक्टस’ नावाने ओळखली जाणारी चळवळ विद्यार्थ्यांना स्थानिक उद्योजकांसोबत कामाला लावते. तिथे विद्यार्थी मुख्यतः आपल्याच देशात काम करतात. टाटा समूहाने २००८ मध्ये केंब्रिज, बर्कली अशा विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना भारतातल्या आपल्या सामाजिक प्रकल्पांवर आणण्याची योजना सुरू केली.

प्रत्यक्ष काम बहुतेकदा हिशेबापासून सुरू होते. घरखर्च आणि धंदा एकाच गल्ल्यातून चालत असेल, तर नफा किती हे मालकालाही सांगता येत नाही. पण म्हणून विद्यार्थ्याने वर्गात शिकलेली जमाखर्चाची सगळी पद्धत फळ्यावर मांडली, तर ती फळ्यावरच राहते. डॉमिनिकन प्रजासत्ताकात आदोपेम या बँकेच्या कर्जदारांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रीतसर हिशेबशास्त्र शिकवलेल्या गटात लक्षणीय फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला ढोबळ ठोकताळे सांगितले होते: घराचे पैसे एका खणात, धंद्याचे दुसऱ्या खणात, उसने काढले तर चिठ्ठी ठेवा. त्या गटाचे व्यवहार सुधारले.

मार्गदर्शक कोण, हा प्रश्न याहून अवघड. नैरोबीतल्या दांडोरा वस्तीत महिला व्यावसायिकांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना वर्गात शिकवले, काहींची गाठ त्याच वस्तीतल्या जुन्या, यशस्वी व्यावसायिक बाईशी घालून दिली. मार्गदर्शक मिळालेल्यांचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला, वर्गातल्यांचा वाढला नाही. कारण साधे होते. माल स्वस्त कुठे मिळतो हे मार्गदर्शक बाईला ठाऊक होते, आणि शिकणाऱ्यांनी पुरवठादार बदलले. विमानातून उतरलेल्या विसाव्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे नेमकी हीच माहिती नसते. जोड्या सुटत गेल्या तसा हा फायदाही विरत गेला, हेही त्याच अभ्यासात दिसले. ऑगस्टअखेर परतणाऱ्या इंटर्नच्या बाबतीत ही गोष्ट विसरून चालत नाही.

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे उदाहरण बोलके आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये इथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली; २००६ मध्ये ग्रामीण महिलांसाठी बिझनेस स्कूल निघाले, आणि पुढे ते बसमधून गावोगाव फिरू लागले. परदेशी विद्यार्थी इथे इंटर्न म्हणून येत आले आहेत, पण शिकवणे माणदेशी बोली जाणणाऱ्या बायकांच्या हाती असते. दुभाष्यामार्फत उधारीची गोष्ट विचारली तर उत्तर सभ्य मिळते, खरे मिळेलच असे नाही.

या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप खर्चाचा. अनेक कार्यक्रमांत विद्यार्थीच शुल्क आणि विमानभाडे भरतो आणि त्याबदल्यात त्याला श्रेयांक मिळतात, त्यामुळे खरा ग्राहक दुकानदार नसून विद्यार्थी ठरतो. दुकानदाराच्या वाट्याला दर सुट्टीत नवा पाहुणा आणि पुन्हा पहिल्यापासून ओळखपरेड येते.

बाहेरच्या माणसाचा उपयोगच नाही, असे मात्र नाही. युगांडात ९३० उद्योजकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परदेशी मार्गदर्शकांनी प्रवास न करता, दुरूनच सल्ला दिला. मार्गदर्शन मिळालेल्यांची मासिक विक्री सुमारे २८ टक्क्यांनी जास्त निघाली. शेजारच्या दुकानापेक्षा वेगळे काय विकावे, हा विचार त्यांच्यात जास्त दिसला. हे मार्गदर्शक मात्र विद्यार्थी नव्हते. नोकरी-व्यवसायात मुरलेले स्वयंसेवक होते.