सेलफिश खरंच ताशी 110 किलोमीटरने पोहतो?

‘सेलफिश ताशी 110 किलोमीटर वेगाने पोहतो, मार्लिन तर त्याहून वेगवान’ हे या दोन मोठ्या समुद्री माशांबद्दल आपण कित्येकदा वाचलेलं असतं. आकडा हवेतून आलेला नाही. गळाला लागलेल्या सेलफिशने 3 सेकंदांत सुमारे 91 मीटर दोरी रिळावरून ओढली, अशी जुनी नोंद आहे. भागाकार करून पाहा: सेकंदाला 30 मीटर, म्हणजे ताशी 109 किलोमीटर. गणित चोख, पण मोजली गेली दोरी, माशाचं पोहणं नव्हे. आणि गळाला लागलेला मासा तर हवेत उसळ्याही मारतो, म्हणजे दोरी ओढली गेली ती सगळी पोहण्यानेच असं नाही!

पोहण्याचा वेग शेपटीच्या फटक्यांवर ठरतो आणि फटके स्नायू किती झटपट आकुंचन पावतो त्यावर. तसं मोजल्यावर सेलफिशचा कमाल वेग ताशी 30-35 किलोमीटरच्या आसपास निघाला. वेगमापक लावलेले ब्लू मार्लिन तर बहुतेक वेळ संथच पोहत होते.