नळ बंद केला की भिंत का ठोकते?

वॉशिंग मशीनने पाणी घेणं थांबवलं की आमच्या बाथरूमच्या भिंतीत ‘ठक्क’ असा आवाज व्हायचा. एक जोरात, मागोमाग दोन-तीन बारीक ठोके, विरत गेलेले. दिवसा कुणाच्या लक्षातही येत नसे. रात्री दहानंतर मशीन लावलं की मात्र शेजारचे भिंतीवर थाप मारायचे. त्यांना वाटायचं, आम्ही खिळे ठोकतोय. प्लंबर आला, ‘पाइपात एअर धरलीय’ म्हणाला, सगळे नळ पाच मिनिटं सोडून ठेवायला लावले आणि पैसे घेऊन गेला. आवाज जिथल्या तिथे.

‘एअर धरलीय’ हे आपल्याकडचं ठरलेलं निदान. टाकी तळाला जाऊन पुन्हा भरली की ते खरंही असतं. पण हवेचा आवाज नळ उघडताना येतो: फसफस होते, पाणी थुंकत थुंकत बाहेर पडतं. आमचा ठोका पाणी थांबताना यायचा. पाइपांच्या बाबतीत आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहावं.

नळाखालची १५ लिटरची बादली मिनिटभरात भरत असेल आणि पाइप आतून १५ मिलिमीटरचा असेल, तर त्यातलं पाणी सेकंदाला साधारण १.४ मीटर धावत असतं. अशा २० मीटर पाइपात साडेतीन किलो पाणी मावतं. जुना, चार-पाच फेरे फिरवायचा नळ या पाण्याला हळूहळू थांबवतो. मशीनचा व्हॉल्व्ह विजेवर चालतो, तो क्षणात मिटतो. पुढचं पाणी थबकतं, मागचं त्यावर येऊन दाबतं, त्याच्या मागचं त्यावर. मालगाडी थांबताना डबे एकामागून एक खडखडत जातात ना, तसंच. दाबाची ही लाट लोखंडी पाइपातून सेकंदाला १२०० मीटरच्या आसपास वेगाने मागे पळते, टोकाला आपटून परत येते, पुन्हा जाते. ते विरत जाणारे ठोके म्हणजे तिच्या येरझाऱ्या.

निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यातल्या लांब पाइपांवर प्रयोग करून याचं गणित मांडलं. रशियन विमानविद्येचे जनक म्हणतात ते हेच. गणित सोपं आहे: पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि पाण्याचा जेवढा वेग एकाएकी थांबला तो, या तिघांचा गुणाकार म्हणजे वाढलेला दाब. सेकंदाला १ मीटर धावणारं पाणी लोखंडी पाइपात झटक्यात अडवलं, तर दाब सुमारे १२ बारने वाढतो. नळाच्या १० मीटर वर असलेली टाकी जेमतेम १ बार देते, यावरून अंदाज यावा. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप थोडा फुगून लाटेला सैल करतो, म्हणून तिथे धक्का निम्म्याहून कमी. तोही दर धुण्याला चार-पाचदा बसला की सांधे आणि होजपाइप कुरकुरू लागतात.

या गुणाकारातल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी, पाण्याचा वेग, आहे. मशीनमागचा अँगल कॉक मी अर्धा मिटवला. मशीन भरायला थोडा जास्त वेळ लागू लागला, ठोका बराच मऊ झाला. वेग निम्मा तर धक्का निम्मा. वरच्या मजल्यावरचे लोक पाणी बारीक येतं म्हणून प्रेशर पंप बसवतात आणि त्याच आठवड्यात भिंती बोलू लागतात, त्याचंही कारण हेच.

उरलेला आवाज पाण्याचा नव्हताच. मशीन पाणी घेत असताना डक्टच्या खिडकीतून हात घालून पाइप धरला, तर व्हॉल्व्ह मिटताच तो हातात उडाला. दोन क्लॅम्पमधलं अंतर हातभर हवं, इथे जवळजवळ दीड मीटर पाइप लोंबकळत होता आणि दर धक्क्याला भिंतीवर आपटत होता. आतून रबर असलेले दोन क्लॅम्प ठोकले. एवढ्यावर शेजारी गप्प झाले.

तरीही भागत नसेल तर अरेस्टर नावाची छोटी नळकांडी मिळते, ती मशीनच्या अगदी जवळ लावायची. तिच्यात काय असतं? हवा! पाणी दबत नाही, हवा दबते. धक्का ती गिळते. म्हणजे आमच्या पाइपात हवा अडकलेली नव्हती, तीच तर कमी होती. पूर्वी यासाठी पाइपाला वर तोंड करून फूटभर बंद तुकडा जोडत. पण त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि तुकडा निरुपयोगी होतो. अरेस्टरमध्ये मधे दट्ट्या किंवा रबरी पडदा असतो, म्हणून हवा टिकते.

बाकीचे आवाज किरकोळ. नळ चालू असताना घरघर झाली तर आतला वायसर सैल झालाय. दहा-वीस रुपयांचं काम. गरम पाणी सोडल्यावर टिकटिक होत असेल तर पाइप तापून लांब होतोय. सीपीव्हीसीचा ३ मीटरचा तुकडा ३५ अंशांनी तापला की ६-७ मिलिमीटर वाढतो, लोखंडी एक-सव्वा मिलिमीटरच. प्लास्टरने आवळून धरलेला पाइप मग अडखळत सरकतो. त्याला जागा हवी, क्लॅम्प करकचून नको.

राहिला पहाटे साडेपाचचा धडाका. सोसायटीचा पंप बंद होतो, गच्चीकडे चढणारं पाणी उलटं फिरतं आणि एनआरव्हीची, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हची, झडप त्याच्यासकट आपटते. तिथे पाणी उलटायच्या आतच मिटणारा, स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवा. कमिटीला दोनदा सांगून झालंय. उत्तर मिळालं, ‘पाइपात एअर असेल.’