राखीव शब्द (प्रोग्रामिंग भाषा)

प्रोग्रामिंग भाषेने आपल्या व्याकरणासाठी ठेवून घेतलेले, आणि म्हणून व्हेरिएबलला (माहिती साठवायच्या जागेला) किंवा फंक्शनला (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला) नाव म्हणून देता न येणारे शब्द म्हणजे राखीव शब्द अथवा कीवर्ड. 'इफ', 'व्हाइल', 'रिटर्न' हे त्यांतले नेहमीचे. १९८९च्या प्रमाणित सी भाषेत असे ३२ शब्द होते, गो भाषेत २५ आहेत. कोबोलमध्ये ते शेकड्यांनी मोजावे लागतात. 'गोटू' तर जावाने कधीही न वापरता राखून ठेवला आहे.

शब्द राखलेच पाहिजेत असे मात्र नाही. फोरट्रान आणि पीएल/वन संदर्भावरून अर्थ लावतात, त्यामुळे 'इफ' नावाचे व्हेरिएबलही तिथे चालते. प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला ते उमगते. दमछाक होते ती वाचणाऱ्याची.

खरी अडचण भाषा वापरात रुळल्यावर नवा शब्द राखताना येते. २००४मध्ये जावा ५ने 'ईनम' राखीव केला आणि तेच नाव व्हेरिएबलला दिलेले जुने प्रोग्राम कंपाइल होईनात. पायथन ३.१०ने (२०२१) 'मॅच' हा शब्द विशिष्ट जागीच कीवर्ड मानला, इतरत्र तो नाव म्हणून मोकळा ठेवला. जुन्या कोडची बूज राखणारा हा मार्ग अधिक चांगला.

उरलेली नावे आपल्या लिपीत देता येतात का, हेही भाषेचे व्याकरणच ठरवते. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या हिशेबाचे शब्द घ्या: वजन, दर, अडत, रवा, तोलाई, हमाली. पायथन ३ आणि जावा हे सगळे व्हेरिएबल म्हणून स्वीकारतात. गो भाषेत नावात फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेखा चालतात, आणि युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या संगणकीय प्रमाणाच्या, वर्गवारीत काना, वेलांटी, उकार ही अक्षरे नसून चिन्हे आहेत. म्हणून तिथे वजन, दर, अडत चालतात; रवा, तोलाई, हमाली आणि खुद्द गूळ चालत नाही. मराठी माणसाला काना अक्षरापासून वेगळा दिसतच नाही, त्यामुळे हा नियम आपल्या लिपीवर अन्याय करतो. शिवाय गोमध्ये पॅकेजबाहेर (कोडच्या एका गटाबाहेर) दिसायचे नाव मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, तेव्हा 'वजन'लाही पुढे रोमन अक्षर जोडणे भाग पडते.

पायथनमध्येही एक खाच आहे. 'शेतकऱ्याची_पट्टी' या नावातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथन पहिले नाव घेतो, दुसऱ्यावर चूक दाखवतो. जावास्क्रिप्टला दोन्ही चालतात, पण ती त्यांना दोन वेगळी व्हेरिएबल समजते.